डिझेल आणि मागत्यांची संध्याकाळ

अर्लिस कुचेराच्या फ्रिजवर एक कागद वर्षभर लावलेला होता. येता-जाता दिसावा म्हणून तिनं तो मुद्दाम डोळ्यांसमोर लावला होता. क्लोव्हर मिलच्या नगर कार्यालयाचा कागद, मजकूर चार ओळींचा. आपल्या मालकीच्या काळ्या कुत्र्याने, नाव डिझेल, गेल्या तीस ऑक्टोबरला एका मुलाच्या अंगावर झेप घेऊन त्याची बाही फाडली व दंडाला ओरखडा काढला. ही पहिली तक्रार. दुसरी आल्यास कुत्रा दहा दिवसांच्या आत गावाच्या हद्दीबाहेर हलवावा लागेल.

हद्दीबाहेर म्हणजे कुठे, ते कागदात नव्हतं. अर्लिसनं ते जनावरांच्या डॉक्टर होल्टकांपबाईंना विचारलं होतं. बाई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"अकरा वर्षांचा कुत्रा, त्यातून मुलाच्या अंगावर गेल्याची नोंद. कोण घरात घेणार अर्लिसबाई? आधी निवाऱ्यात ठेवतात, आठ-पंधरा दिवस वाट बघतात, आणि मग कायमची झोपवायची सुई."

गाडीत येऊन बसल्यावर किल्ली फिरवायला अर्लिसला दहा मिनिटं लागली.

क्लोव्हर मिलमध्ये पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार मागायला निघतात ती तीस तारखेला. हॅलोविन एकतीसला असतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण आयोवातल्या या भागात मागत्यांची संध्याकाळ आदल्याच दिवशी होते. आमच्या आजोबांच्या काळापासून तसंच चालत आलंय, आणि का असं विचारणारा माणूस बाहेरगावचा समजला जातो. सहाला अग्निशमन दलाचा भोंगा वाजतो, पोरं सुटतात. आठला पुन्हा वाजतो, पोरं घरी. ज्याच्या पोर्चवर दिवा, त्याच्या दारात जायचं. अंधार असेल तर पुढचं घर. आणि फुकट काही मिळत नाही. आधी जोक सांगायचा, घरवाल्याला हसवायचं, मग पिशवीत गोळ्या-चॉकलेटं पडणार.

या जोकांच्या बाबतीत अर्लिस म्हणजे गावातली पहिली पायरी होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं एकतीस वर्षं वाढप केलं. आज चाळिशीला आलेला क्लोव्हर मिलमधला प्रत्येक जण तिच्या हातचं मॅकरोनी-चीज खाऊन मोठा झालेला. ऑक्टोबर लागला की पोरं ताट पुढे करता करता जोक तिच्यावर आजमावून बघायची, आणि ती प्रत्येकाला हसायची. अर्लिसबाई हसल्या नाहीत असा जोक या गावात जन्माला आला नाही, असं तिचा नवरा मायलो म्हणायचा. चाळीस वर्षं मागत्यांच्या संध्याकाळी सगळ्यात लांब रांग तिच्याच पोर्चवर असे.

यंदा तिनं दार बंद ठेवायचं ठरवलं होतं. ज्या बाईनं अख्ख्या गावाला वाढलं तिनंच पोरांना दारातून परत पाठवायचं, हे तिला लागत होतं. पण इलाज नव्हता. भीक नको पण कुत्रं आवर, असं गावानं लेखीच कळवलं होतं.

डिझेल मूळचा मायलोचा. मायलो धान्याच्या कोठारावर ट्रक चालवायचा. एका हिवाळ्यात डिझेल भरायला थांबला आणि पंपामागच्या खोक्यात हे पिल्लू सापडलं, म्हणून ते नाव. सात वर्षांचा होईपर्यंत कुत्रा ट्रकच्या खिडकीतून डोकं काढून बसायचा आणि अख्खा तालुका त्याला ओळखायचा. कुणावर भुंकणं नाही, दात दाखवणं नाही. मग साथीच्या साली, नोव्हेंबरात, मायलोला श्वास पुरेना. संध्याकाळी अ‍ॅम्ब्युलन्स आली, त्याला घेऊन गेली. सहाव्या दिवशी अर्लिसनं फोनच्या पडद्यावर त्याचा निरोप घेतला. त्या गोष्टीला आता चार वर्षं होत होती. कुत्रा तेव्हापासून तिचा झाला, आणि तेव्हापासूनच थोडा बिघडला. मागत्यांच्या संध्याकाळी तर त्याच्या अंगात यायचं. पहिल्या वर्षी दारावर भुंकून घसा बसवला, दुसऱ्या वर्षी पडदा ओढून खाली पाडला, आणि गेल्या वर्षी ती बाही. वयानं खाष्ट झाला, असं अर्लिसनं धरून चाललं होतं. माणसंही होतातच की.

"आता तयारी हीच औषध," होल्टकांपबाई म्हणाल्या होत्या. "त्याला शांत ठेवणारी गोळी देते, ती चार वाजता द्यायची, भोंग्याच्या दोन तास आधी. एक आतली खोली ठरवा. पडदे ओढा, पंखा लावा, रेडिओ लावा. गळपट्ट्यावर फोन नंबर आहे ना? चॉकलेट त्याच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका. आणि महिनाभर आधी घंटेची सवय करा. घंटा वाजली की त्या खोलीत जायचं, गेलं की चीज मिळतं, एवढं त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे."

"एवढंच ना?"

"शेवटचं अवघड आहे. तुम्ही शांत राहायचं. तुमची भीती दोरीतून सरळ त्याच्या गळ्यापर्यंत पोचते."

शांत राहा म्हटल्यानं आजवर कोणी शांत राहिलंय का? अर्लिसला त्या दिवसापासून रात्रीची झोपच येईना.

तरी तिनं सगळं केलं. दाराच्या घंटेचा आवाज फोनमध्ये भरून घेतला. खोली म्हणून बाथरूम ठरवलं, कारण त्याला खिडकी नव्हती. आत जाड चटई घातली. आणि ऑक्टोबरभर रोज संध्याकाळी फोन दाबायचा, टिंगटाँग, की "चल डिझेल, चटई!" पहिल्या आठवड्यात कुत्रा नुसता बघत राहिला. दुसऱ्यात घंटा वाजताच बाथरूमकडे धावायला लागला. पण उंबऱ्यापाशी थांबायचा. पुढचे पाय चटईवर, मागचे बाहेर, मान ताणून चीज घ्यायचा आणि मागे सरायचा. मागून ढकललं तर अंग ताठ करायचा. एकदा तिनं दार लोटून पाहिलं तर आतून असं काही केविलवाणं ओरडला की तिनंच घाबरून उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला नखांचे जुने ओरखडे होते; रंग लावायचं राहूनच गेलं होतं. बाथरूमशी याचं काय वाकडं आहे देव जाणे, असं म्हणून तिनं गोळीवर भरवसा ठेवला.

समोरच्या घरातल्या डेल्मर राशला हे सगळं खिडकीतून दिसायचं. डेल्मर ऐंशीचा, बायको गेलेली, दिवसभर गॅरेजचं दार वर करून खुर्ची टाकून बसणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची उडवणार.

"अगं अर्लिस, घंटा वाजतीय तुझी, दार उघड की! का ऐकायला येईना झालं?"

"फोन आहे तो. कुत्र्याला शिकवतेय."

"कुत्र्याला? अगं, कुत्रा चीज खाऊन पिंप झालाय. तूच शिकतीयेस. तो घंटा वाजवतो आणि तू धावतेस."

"तुझं काय जातंय रे?"

"माझं काय जायचंय? डिझेल भडकलं की आख्ख्या गल्लीला आग, म्हणून आपलं विचारलं."

असं बोलायचा आणि मग हळूच विचारायचा, "गोळी आणलीस ना?" डेल्मरचं प्रेम असंच होतं, काटेरी.

घोळ झाला तो फोनमुळे. सराव चालू असताना खरा फोन वाजला की कुत्रा गोंधळायचा, म्हणून सत्तावीस तारखेला अर्लिसनं फोनची रिंगच बंद करून टाकली, आणि चुकलेले कॉल बघायची तिला सवय नव्हती. गावाचा ध्वनिमुद्रित निरोप येतो तो या फोनवरच. अठ्ठावीसच्या दुपारी आला, संध्याकाळी पुन्हा आला: तीस तारखेला जोराच्या वादळाचा अंदाज असल्याने मागत्यांची संध्याकाळ एक दिवस अलीकडे, एकोणतीसला, घेण्यात येत आहे. बँकेच्या पाटीवरही तेच लाल अक्षरांत फिरत होतं. पण अर्लिस दोन दिवस घराबाहेर पडली नव्हती. सगळी सावधगिरी केली आणि नेमकी तीच नडली.

एकोणतीसला दुपारी तिनं उद्याची यादी वाचली. चार वाजता गोळी, फोनमध्ये गजर लावलेला. पावणेसहाला पोर्चचा दिवा काढायचा. तो दिवा मायलोनं असा बसवला होता की अंधार पडू लागला की आपोआप लागायचा, बटण नव्हतंच. बल्ब पिळून काढणं हाच उपाय. स्टूलसुद्धा तिनं दारामागे आणून ठेवलं होतं. उद्यासाठी.

सहाला भोंगा वाजला.

अर्लिस बटाटे सोलत होती. हातातली सुरी थांबली. दुपारी बाराचा भोंगा रोजचा, तो नव्हे. हा लांबलचक होता, थांबत नव्हता. रेडिओवर सकाळपासून वादळाचंच चाललं होतं. आलं की काय आजच? भोवऱ्याचं वादळ येतं तेव्हा भोंगा असाच वाजतो, आणि तो वाजला की तळघरात उतरावं, असं शाळेत पहिल्या इयत्तेपासून शिकवतात. पण आयोवातलं माणूस तळघरात उतरत नाही. ते आधी पोर्चवर जाऊन आभाळ बघतं. अर्लिसच्या बापानं तेच केलं, मायलोनं तेच केलं, आणि अर्लिसनंही हात पुसत पुसत तेच केलं. पुढचं दार सताड उघडून ती पोर्चवर आली आणि तोंड वर करून ढग शोधू लागली.

आभाळ निवळशंख होतं. पश्चिमेला तांबडं, वर एखाददुसरी चांदणी. डोक्यावर पोर्चचा दिवा भक्क पेटलेला.

तिनं नजर खाली आणली. अंगणातल्या वाटेवर दोन भुतं, एक अस्वल आणि पांढरा झगा घातलेला, तोंडावर निळा मास्क लावलेला एक छोटा डॉक्टर तिच्याकडे चालत येत होते. छोट्या डॉक्टरनं पिशवी पुढे केली.

"अर्लिसबाई, जोक सांगू?"

तिच्या पायाला काहीतरी काळं आणि दणकट घासून गेलं. ती धडपडली, तिनं चौकट धरली, गळपट्ट्याला हात घातला तो नुसता हवेत. डिझेल एका उडीत पोर्चच्या पायऱ्या उतरला. भुतं किंचाळली. तो डॉक्टरपाशी क्षणभर थबकला, त्या निळ्या मास्ककडे मान वर करून पाहिलं, झग्याचा वास घेतला. संपलं, एवढंच अर्लिसला वाटलं. पण कुत्रा वळला आणि कुंपणाच्या फटीतून मुख्य रस्त्याकडे सुसाट निघून गेला.

"त्याला पण जोक सांगायचा होता का?" अस्वलानं विचारलं.

"लागलं का रे कुणाला? चावला का? हात बघू," अर्लिस पोरांचे हात चाचपत म्हणाली.

कुणाला काही झालं नव्हतं. पण गावात तीनशे पोरं सुटलेली होती, तीनशे मुखवटे, आणि त्यांच्यात एक कुत्रा, गोळी न घेतलेला.

तिनं खिशात चीजचा तुकडा कोंबला, दोरी घेतली, फोन घेतला. फोनवर सात चुकलेले कॉल होते. चार डेल्मरचे. डेल्मर समोर गॅरेजमध्ये गोळ्यांचं घमेलं मांडीवर घेऊन बसला होता.

"अगं, दोन दिवस फोन लावतोय! म्हटलं कुत्र्यानं आता फोनपण ताब्यात—" तिचा चेहरा दिसला आणि तो थांबला. "सुटला?"

"सुटला."

"मग हाक मार की मोठ्यानं."

"हाक मारली तर सगळ्यांना कळेल तो बाहेर आहे. एखादी आई घाबरली तरी तक्रार झाली, डेल्मर. दुसरी."

डेल्मरनं घमेलं खुर्चीवर ठेवलं, भिंतीवरची विजेरी काढली. "पोरं आपलं आपण घेतील. मी कोठाराकडे बघतो. तू मोठ्या रस्त्यानं जा. आणि हळू चाल, पडलीस तर दोघांना शोधावं लागेल मला."

चाळीस वर्षं ज्या रस्त्यांवरून ती डोळे मिटून चालली असती ते त्या संध्याकाळी तिला परके वाटत होते. प्रत्येक दारात घंटा. टिंगटाँग इकडे, टिंगटाँग तिकडे. प्रत्येक घंटेला ती वळून त्या दाराकडे बघत होती, कारण महिनाभर तिनंच त्याला शिकवलं होतं की घंटा वाजली की धावायचं. कुठल्या दारात धावला असेल तो? झुडपामागे काळं दिसलं की ती जायची, आणि ती कचऱ्याची पिशवी निघायची. तिनं तोंडातल्या तोंडात "डिझेल, डिझेल" चालवलं होतं, जपासारखं. आणि पोरं तिला सोडत नव्हती.

"अर्लिसबाई! अर्लिसबाई, थांबा, ऐका! सांगाड्याच्या पोटात गुपित का राहत नाही?"

"का रे राजा?" तिची नजर पोराच्या खांद्यावरून पलीकडे.

"कारण त्याला पोटच नाही!"

अर्लिस हसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला हसण्याचं सोंग करावं लागलं, आणि ते पोराला कळलं असावं, कारण तो जरा खट्टू झाला. दोन घरं पुढे एका चेटकिणीनं अडवलं. झाडू कामावर उशिरा का आला, तर कोपऱ्यात उभ्या उभ्या त्याला झोप लागली. अर्लिस पुन्हा हसली. सात वाजून गेले. आता तो सापडला नाही तरी चालेल, पण कुणाच्या अंगावर जाऊ नये. नाही, सापडायलाच हवा. देवा, एवढं एक कर. असं उलटसुलट तिच्या मनात चाललं होतं.

मग चेटकीणच म्हणाली, "तुमचा कुत्रा पण मागायला आलाय. अ‍ॅम्ब्युलन्सपाशी बसलाय. त्याला कुणी काही देतच नाहीये."

गावाची अ‍ॅम्ब्युलन्स दर वर्षी या संध्याकाळी अग्निशमन दलाच्या आवारात उभी करतात, दिवे फिरते ठेवून. स्वयंसेवक पोरांना गोळ्या वाटतात, आत चढून बघू देतात. सगळ्यात जास्त गर्दी तिथंच. अर्लिस पळाली. सदुसष्टाव्या वर्षी, स्वयंपाकघरातल्या चपला घालून, ती दोन चौक पळाली.

गर्दीनं गोल केला होता. आई-बापांनी आपापली पोरं मागे ओढून धरली होती. मधे अ‍ॅम्ब्युलन्सचं मागचं दार, एक झडप बंद, एक अर्धवट उघडी. त्या फटीसमोर डिझेल बसला होता. भुंकत नव्हता, गुरगुरत नव्हता. कान पुढे, नजर आत, जागचा हलत नव्हता. आणि आत, फटीतून दिसेल एवढ्यावर, स्ट्रेचरच्या पलीकडे अंग चोरून एक पोरगा उभा होता. बुजगावण्याचे कपडे, तोंडाला मुखवटा नाही, गालांवर रंगाचे टाके. कोल्बी. गेल्या वर्षी ज्याची बाही फाटली होती तोच.

अख्ख्या गावात यालाच शोधून काढायचं होतं का या कुत्र्यानं?

कोल्बीची आई, केंड्रा, स्वयंसेवकांच्या कोटात पुढच्या बाजूनं हळूहळू येत होती. कुत्र्यावरची नजर न काढता तिनं हात वर करून सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. गेल्या वर्षीची तक्रार तिचीच होती, आणि कुठल्याही आईनं केली असती.

"अर्लिसबाई," ती दबक्या आवाजात म्हणाली, "त्याला धरा. आत्ताच्या आत्ता."

अर्लिस पुढे झाली. दोरी गळपट्ट्यात अडकवायला गेली तर कडी लागेना. तुमची भीती सरळ त्याच्या गळ्यापर्यंत पोचते. तिनं श्वास घेतला. दुसऱ्यांदा कडी लागली. तिनं ओढलं. डिझेल हलला नाही. तिनं फोन काढून घंटा वाजवली, टिंगटाँग, चीज नाकाशी धरलं. महिन्याभरात पहिल्यांदा त्यानं चीजकडे पाहिलंही नाही.

आतून कोल्बीचा बारीक आवाज आला. "अर्लिसबाई, तो मला शोधत आलाय का?"

"नाही रे बाळा. तुला नाही."

"मग काय शोधतोय तो इथे?"

अर्लिसनं कुत्र्याकडे नीट पाहिलं. फिरता लाल दिवा कुत्र्याच्या काळ्या पाठीवरून जात होता, येत होता. असाच तो तिच्या घराच्या भिंतीवरून फिरला होता. दारात घंटा वाजली होती. पांढरे झगे, तोंडावर मास्क, डोळ्यांवर काचा, कोण कोण आहे ते ओळखू येत नव्हतं. डिझेल त्यांच्या पायांत येऊ नये म्हणून तिनं त्याला बाथरूममध्ये लोटलं आणि कडी घातली. तो आत दारावर पंजे मारत राहिला. बाहेर काढला तेव्हा घरात मायलो नव्हता. चेहरे झाकलेली माणसं दारात आली, त्याला कोंडलं, आणि त्याचा माणूस नाहीसा झाला. आणि पुन्हा तशीच माणसं दारात आली की अर्लिस त्याला धरून मागे ओढत होती. खाष्ट! चार वर्षं ती त्याला खाष्ट म्हणत होती.

"मायलोला शोधतोय," ती म्हणाली. "याच गाडीतून नेलं ना त्याला."

केंड्रा थांबली.

"मी होते त्या दिवशी," ती म्हणाली. "खांद्याकडून मीच धरलं होतं त्यांना. मास्कमुळे तुम्हाला कळलं नसेल. आतून कुत्रा ओरडत होता. गाडी वळेपर्यंत ऐकू येत होतं."

"कडी मी घातली होती," अर्लिस म्हणाली, आणि सगळ्या गावासमोर तिला रडू फुटलं.

केंड्रा बाजूच्या दारातून आत गेली आणि तिनं कोल्बीला कडेवर उचलून बाहेर आणलं. एवढा घोडा झालेला पोरगा, पण त्यानं मुकाट्यानं उचलून घेऊ दिलं. त्याला शेजारणीकडे देऊन ती मागे आली, आणि तिनं अ‍ॅम्ब्युलन्सच्या दोन्ही झडपा सताड उघडल्या.

"बघू दे त्याला," ती म्हणाली. "मी नंतर पुसून काढीन सगळं. दोरी सैल सोडा."

डिझेलला वर चढायला दोनदा प्रयत्न करावा लागला; मागचे पाय आता साथ देत नव्हते. आत गेल्यावर त्यानं सावकाश वास घेतला. स्ट्रेचरच्या चाकांचा, पट्ट्यांचा, उशीच्या जागेचा. बाकड्याखाली डोकं घातलं. कोपऱ्यातल्या पिशव्या हुंगल्या. पुन्हा स्ट्रेचरपाशी आला, पुढचे पाय वर टेकवून उभा राहिला आणि त्या रिकाम्या चादरीवर नाक टेकवून थांबला.

मग तो खाली उतरला. अर्लिसनं चीज दिलं नव्हतं, हाक मारली नव्हती. तो स्वतःच्या मनानं उतरला, तिच्या तळहातात नाक घातलं आणि घराच्या दिशेनं तोंड करून उभा राहिला.

"केंड्रा," अर्लिस डोळे पुसत म्हणाली, "तो कागद... आता पुन्हा—"

"कशाचा कागद? तक्रार करायला आधी कुणाला काहीतरी व्हावं लागतं," केंड्रा म्हणाली आणि पोरांकडे वळून ओरडली, "चला, रांग लावा! गोळ्या संपल्या नाहीयेत अजून!"

कोल्बी शेजारणीच्या हातातून सुटून चार पावलांवर येऊन उभा राहिला होता. कुत्र्याकडे बघत, पण पळायच्या तयारीतही.

"जोक नाही सांगितला तुम्ही," तो अर्लिसला म्हणाला. "जोक सांगितल्याशिवाय काही न्यायचं नसतं."

अर्लिसनं खूप आठवलं. एकतीस वर्षांत हजारो जोक ऐकलेली बाई, तिला एक आठवेना. शेवटी ती म्हणाली, "सांगाड्याच्या पोटात गुपित का राहत नाही?"

"हे सगळ्यांना माहितीय," कोल्बी म्हणाला. "पण न्या."

वाटेत डेल्मर भेटला, विजेरी घेऊन, धापा टाकत. दोघांना बघून त्याला एवढं हायसं वाटलं की त्याला चिडवायलाही सुचलं नाही. तो नुसता कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून चालत राहिला. मुखवटे घातलेली पोरं बाजूनं जात होती. डिझेलनं एक-दोघांकडे वळून पाहिलं आणि पुन्हा चालू लागला. ते आपल्या गल्लीत वळले तेव्हा आठचा भोंगा वाजला.

घरी आल्यावर अर्लिसनं बाथरूममधली चटई उचलली आणि पुढच्या खोलीत, मायलोच्या खुर्चीशेजारी आणून टाकली. डिझेल तिच्यावर पसरला, चारही पाय आत. ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली. गुडघे दुखत होते, तरी बसली.

"चूक झाली रे माझी," ती त्याला म्हणाली. "तुला दारात उभं राहू द्यायला हवं होतं."

उद्याच्या चारच्या गोळीचा गजर तिनं फोनमधून काढून टाकला, आणि फोनची रिंग पुन्हा चालू केली.